स्टिअरिंगमधली ‘कट्’ आणि ‘कुंई’ : प्रकल्प नोंदी

गाडी : छोटी पेट्रोल हॅचबॅक. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, मोटर कॉलमवरच (स्टिअरिंगच्या दांड्याच्या वरच्या भागावर) बसवलेली. ओडोमीटर ९४ हजारांच्या थोडा पुढे.
तक्रार : स्टिअरिंग वळवताना आवाज.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आवाज परत आला. दोन महिन्यांपूर्वी हाच आवाज घेऊन एका गॅरेजात गेलो होतो. तिथल्या पोरानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं, हातातल्या स्प्रेची नळी जिथे पोचेल तिथे फुसफुस मारली आणि “झालं, साहेब” म्हणून मोकळा झाला. आवाज खरंच गेला. तीन आठवडे गाडी मुकी होती. मग हळूहळू कुरकुर सुरू झाली आणि आता पहिल्यापेक्षा जास्त आहे.

परवा दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली. त्यांनी गाडीत बसून स्टिअरिंग दोनदा डावी-उजवीकडे हलवलं आणि निकाल दिला : अख्खा कॉलम बदला. कशावरून, विचारलं तर “अनुभव आहे.” असेलही. पण गाडी जॅकवर न घेता, खाली वाकूनही न बघता एवढा मोठा भाग बदलायला सांगणारा अनुभव मला पटला नाही.

म्हणून हे काम घरी करायचं ठरवलं. एक नियम आधीच करून ठेवतो : आवाज नेमका कुठून येतो ते कळेपर्यंत तेल, ग्रीस, स्प्रे काहीही कुठे लावायचं नाही. त्या पहिल्या स्प्रेनं तेच नुकसान केलं. आवाज दाबला गेला आणि त्याचा माग पुसला गेला.

आज फक्त ऐकण्याचं काम केलं. खिडक्या बंद, पंखा बंद, गाणी बंद, आणि लक्षात आलं की आवाज एक नाहीच, दोन आहेत. पहिला ‘कुंई’, रबर घासल्यासारखा, स्टिअरिंग फिरत असेपर्यंत लांबत जाणारा. दुसरा ‘कट्’, कोरडा, एकदाच. ही कट् कानापेक्षा तळहाताला जास्त कळते. बारीक खडबडीत रस्त्यावर सरळ जातानाही स्टिअरिंगमध्ये तसंच काहीतरी खुटखुटतं. इतके दिवस मी दोन्ही मिळून ‘तो आवाज’ म्हणत होतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी, गाडी रात्रभर थंड असताना चाचण्या. धाकटा भाऊ मदतीला. तो स्टिअरिंगवर, मी कधी शेजारच्या सीटवर, कधी बॉनेटपाशी.

सुरुवात एका साध्या हिशेबानं केली. माझ्या गाडीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन फेऱ्या फिरतं. तेवढ्यात पुढची चाकं मात्र एकदाच डावीकडून उजवीकडे जातात. म्हणजे दोष चाकाच्या बाजूला असेल, सस्पेन्शनच्या वरच्या माउंटमध्ये (स्प्रिंगची वरची बैठक) किंवा टाय रॉडमध्ये (चाक वळवणारी दांडी), तर आवाज साडेतीन फेऱ्यांत एखाद्या ठरलेल्या जागी यायला हवा. आणि दोष स्टिअरिंगबरोबर गरगर फिरणाऱ्या कशात असेल तर तो दर फेरीला हजेरी लावेल.

स्टिअरिंगच्या वरच्या मध्यावर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला. घड्याळाचे आकडे धरून भावानं सावकाश फिरवायचं आणि कट् झाली की टेप कुठे आहे ते ओरडून सांगायचं.

“दहा.”
“पुढे.”
“चार. दादा, परत दहा. परत चार.”

तीन वेळा केलं. प्रत्येक फेरीत दोनदा, दहावर आणि चारवर, समोरासमोर. हे कळल्यावर माझी अर्धी शंका तिथेच फिटली. एका फेरीत दोनदा अडखळणं हे युनिव्हर्सल जॉइंटचं, म्हणजे तिरके जोडलेले दोन दांडे एकत्र फिरवणाऱ्या सांध्याचं लक्षण. दोन्ही दांड्यांच्या टोकांना एकेक फाटा असतो, आणि त्यांना जोडणारा मधला क्रॉस (अधिक चिन्हासारखा तुकडा) शाफ्टच्या एका फेरीत आपल्या बेअरिंगमध्ये एकदा पुढे आणि एकदा मागे झुलतो. एखाद्या बेअरिंगमध्ये खड्डा किंवा गंज असेल तर तो एकदा जाताना लागतो, एकदा येताना.

कुंईला मात्र जागा नाही. स्टिअरिंग जिथे असेल तिथून फिरवा, ती सोबत आहे.

मग इंजिन बंद करून, किल्ली एका टप्प्यावर ठेवून (नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं) तेच केलं. मोटरची मदत नसल्यानं भावाला दोन्ही हातांनी लटकावं लागलं, पण कट् आली, त्याच दहा-चारवर. म्हणजे मोटर संशयातून सुटली. दोष मोटरचा किंवा तिच्या वर्म गिअरचा (मोटरचा जोर दांड्याला देणारा स्क्रूसारखा गिअर) असता तर मोटर झोपलेली असताना निदान त्याची तऱ्हा बदलली असती.

एक घाबरवणारा प्रसंग. इंजिन चालू ठेवून गाडी जागच्या जागी उभी असताना बहुधा वीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवलं, आणि स्टिअरिंग अचानक जड झालं. भावानं माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यानंच काही तोडलं. काही तुटलं नव्हतं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग सारखं फिरवलं की मोटर तापते आणि कंट्रोल युनिट तिला वाचवायला मदत कमी करतं. इंजिन बंद करून अर्धा तास थांबलो, पुन्हा पूर्ववत. ज्यांना ही चाचणी करायची आहे त्यांनी मधे मधे विश्रांती द्यावी.

९ फेब्रुवारी, रविवार

सस्पेन्शनला क्लीन चिट देण्याचा दिवस. हिशेबानं ते सुटलेलंच होतं, पण हिशेब आणि हात दोघांचं एकमत झालेलं बरं.

हँडब्रेक, मागच्या चाकांना अडसर, पुढून दोन्ही बाजू जॅक स्टँडवर. गाडीचा भार नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, हे लिहून ठेवतो कारण घाईत मीही एकदा केलं आहे.

चाक ३ आणि ९ वर धरून हलवलं : टाय रॉडमध्ये ढिलेपणा नाही. १२ आणि ६ वर धरून : बॉल जॉइंट आणि चाकाचं बेअरिंग ठीक. मग गाडी खाली उतरवून, चाकाच्या मागून हात घालून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं टेकवली आणि भावाला फिरवायला सांगितलं. वरच्या माउंटचं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग आधी पीळ साठवते आणि मग ‘टंग्’ करून सुटते. ती उडी बोटांना चुकत नाही. इथे दोन्ही स्प्रिंगा गुमान फिरल्या.

आजची खरी कमाई मात्र चाकं हवेत असतानाची. हवेत चाकं वळवायला जोर लागत नाही, त्यामुळे शाफ्टवर पीळ जवळपास नसतो. त्या स्थितीत कट् जवळजवळ नाहीशी झाली आणि कुंई जशीच्या तशी राहिली. एक आवाज भारानं जन्मतो, दुसऱ्याला भाराशी देणंघेणं नाही. दोन आवाज, दोन जागा.

कट्चं भाराशी नातं का, तेही मनाशी जुळलं. माझ्या गाडीत मोटर कॉलमवर, म्हणजे जॉइंटच्या वरच्या बाजूला आहे. माझ्या हाताचा जोर अधिक मोटरचा जोर, असा सगळा पीळ त्या दोन छोट्या जॉइंटमधून खाली रॅकपर्यंत (चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीपर्यंत) जातो. ज्या गाड्यांत मोटर थेट रॅकवर असते, किंवा जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये, जॉइंटवर फक्त माणसाच्या हाताचा जोर येतो. इथे बिचारे दुप्पट हमाली करतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डॅशबोर्डखाली. ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे, पाठ फूटवेलमध्ये, पाय दाराबाहेर, कपाळावर टॉर्च. पेडलच्या वरचं प्लॅस्टिकचं कव्हर दोन स्क्रू आणि एका क्लिपवर होतं. क्लिपचा एक कान तुटला. (आधीच अर्धा तुटलेला होता, असं मी भावाला सांगितलं.)

आता समोर सगळं उघडं. वर कॉलम आणि मोटर, तिथून खाली तिरका येणारा मधला शाफ्ट, त्याच्या दोन टोकांना दोन युनिव्हर्सल जॉइंट. खालचा जॉइंट रॅकच्या पिनियनच्या (रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) दांड्याला पकडतो. तो दांडा फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातल्या) रबरी बुटातून आत डोकावतो.

कानानं ऐकलं तर दोन्ही आवाज वरून, स्टिअरिंगच्या मागच्या प्लॅस्टिकच्या खोक्यातून येतात असं ठाम वाटतं. ‘कॉलम बदला’ म्हणणाऱ्याचीही बहुधा हीच फसगत झाली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक धातूला आणि मूठ कानाला लावून बघितलं, तरी तेच. लोखंड आवाज इतक्या सहज वाहून नेतं की दोन फुटांवरची कट् आणि जागेवरची कट् यांत फरक कळेना. वरचं प्लॅस्टिकचं खोकं तर ढोलकीसारखं घुमत होतं.

वैतागून एका ओळखीच्या जुन्या मेकॅनिक काकांना फोन लावला. आता निवृत्त आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कान बाजूला ठेव रे. हातानं शोध. जॉइंटवर बोट ठेव, असं की अर्धं नख या फाट्यावर आणि अर्धं क्रॉसवर. आणि फिरवणाऱ्याला सांग, मुंगीच्या चालीनं.”

वरच्या जॉइंटवर बोट ठेवलं. भावानं फिरवलं, कट् वाजली, बोटाखाली काही नाही. नुसता थरार, शेजारच्या खोलीत दार आपटल्यासारखा.

खालच्या जॉइंटवर ठेवलं. फाटा सरकायला लागला, पण क्रॉसची एक टोपी (टोकावरचं बेअरिंग) त्याच्याबरोबर लगेच निघाली नाही. नखाखाली केसाएवढी फट उघडत गेल्यासारखी झाली, क्षणभर सगळं ताणलं गेलं, आणि मग कट्, टोपी झटक्यात जागेवर आली. बोटाला टिचकी बसावी तशी. पुन्हा केलं, पुन्हा टिचकी. टॉर्च जवळ नेला तर त्याच टोपीच्या कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी जमलेली. गंज, पण साठलेल्या पाण्याचा पापुद्रा धरणारा नव्हे. घासून घासून पीठ झालेला.

सावधगिरीची नोंद : हे करताना फिरवणारा माणूस भरवशाचा हवा, हालचाल अगदी संथ हवी, आणि बोट फाट्याच्या बाहेरच्या अंगाला हवं. फाट्यांच्या मधे बोट गेलं तर जॉइंट विचारणार नाही. बाहीसुद्धा वर करून घ्यावी.

आता कुंई. संशय रबरी बुटावर होता, कारण दांडा त्याच्या ओठातून फिरतो. पण ‘काही लावायचं नाही’ हा नियम. तोड निघाली : साधं पाणी. पाणी वाळतं, मागे काही ठेवत नाही, त्यामुळे माग पुसला जात नाही. ड्रॉपरनं ओठाच्या कडेला चार थेंब सोडले. कुंई बंद. अगदी जीभ कापल्यासारखी. दहाएक मिनिटं फिरवत राहिलो, ओठ वाळला आणि आधी बारीक चिरचिर, मग पुन्हा कुंई. यापेक्षा स्वच्छ कबुलीजबाब काय हवा!

ओठ नीट बघितला. रबर कडक, दांड्याला लागणारी कड घासून चकचकीत काळी झालेली, आणि खालच्या बाजूला बारीक चीर. त्या चिरेतून इंजिनाच्या बाजूची धूळ आणि ओल आत येत असणार, आणि आत सर्वांत जवळ बसलाय तो खालचा जॉइंट. दोन आवाजांच्या जागा वेगळ्या असल्या तरी घर एकच निघालं. आधी बूट फाटला, मग जॉइंट गंजला.

मागच्या स्प्रेचाही उलगडा झाला. पातळ तेल जॉइंटच्या सुईसारख्या रोलर्समध्ये शिरलं, उरलंसुरलं घट्ट ग्रीस धुऊन घेऊन गेलं आणि तीन आठवड्यांत स्वतःही उडून गेलं. शिवाय खनिज तेल बुटाच्या रबरावर पडलं. अशा तेलानं कित्येक रबरं फुगतात, मऊ पडतात. म्हणजे औषधानं रोग्याचे दोन्ही पाय धरले.

१६ फेब्रुवारी, रविवार

भाग मागवले : मधला शाफ्ट (दोन्ही जॉइंटसकट एकत्रच मिळतो), फायरवॉलचा बूट, दोन नवे पिंच बोल्ट (जॉइंट दांड्यावर आवळून धरणारे). जुन्या जॉइंटचा फक्त क्रॉस बदलता येईल का, हे विचारून झालं. टोप्या फाट्यात ठोकून बंद केलेल्या आहेत, सर्क्लिप (काढता येणारी कडी) नाही. तोडून बसवता येईलही, पण स्टिअरिंगच्या बाबतीत जुगाड नको. गाणी वाजली नाहीत तर चालतं, स्टिअरिंगचं तसं नाही.

एक शंका मिटवून टाकली. स्टिअरिंग फिरवताना अगदी बारीक सळसळ येते, कागद चाळल्यासारखी. ती क्लॉक स्प्रिंगची. एअरबॅग आणि हॉर्नच्या तारांची चपटी पट्टी स्टिअरिंगमागे गुंडाळलेली असते आणि ती उलगडताना-गुंडाळताना सळसळते. एअरबॅगचा दिवा नीट विझतो, हॉर्न वाजतो, सळसळ एकसारखी आहे. तिला हात लावायचं कारण नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खोलण्याचा दिवस. सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्यापासून. एअरबॅग काढायची नव्हती, पण तिच्या इतक्या जवळ काम करायचं तर हे हवंच. तिच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते. किती थांबायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. मी त्याहून जास्त, पंधरा मिनिटं थांबलो.

शाफ्ट सोडवण्याआधी चाकं सरळ करून स्टिअरिंग जागच्या जागी बांधून टाकलं. सीट बेल्ट रिंगमधून ओवून आवळला, शिवाय किल्ली काढून स्टिअरिंग लॉक केलं. या कामातली सर्वांत महागडी चूक इथेच होते. मधला शाफ्ट सुटला की स्टिअरिंगला थांबवणारं खाली काही उरत नाही, ते मोकळं गरगर फिरू शकतं. क्लॉक स्प्रिंगच्या पट्टीला मात्र मोजक्याच फेऱ्या झेपतात. कुणी गंमत म्हणून चार फेऱ्या मारल्या की पट्टी तुटली, आणि तिच्याबरोबर एअरबॅगची तार.

पांढऱ्या रंगानं खुणा केल्या : पिनियनच्या दांड्यावर आणि जॉइंटच्या फाट्यावर एक सलग रेघ, वरही तशीच. मोबाइलवर फोटो. आणखी फोटो. मग पिंच बोल्ट. तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. दांड्याला एक खाच असते, बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो, म्हणजे सैल झाला तरी जॉइंट दांड्यावरून निसटत नाही. अक्कल कुणाची असेल ती असो, त्याला नमस्कार. अनेकजण बोल्ट अर्धा ठेवून वर हातोडी मारत बसतात.

बोल्ट निघाला, जॉइंट निघेना. अर्धा तास गेला. शेवटी फाट्याच्या चिरेत चपटा स्क्रू ड्रायव्हर हलकेच घालून ती किंचित उघडली आणि शाफ्ट वर ढकलला. शाफ्ट दोन नळ्यांचा असतो, एकात एक सरकणारा, त्यामुळे आखूड होऊन बाहेर आला.

टेबलावर आणून आडवा धरला. वरचा जॉइंट आपल्याच वजनानं लगेच मान टाकतो. खालचा एका दिशेला मान टाकतो, पण नव्वद अंशांत वळवून धरला की तिथेच ताठ. जोर लावला तर कट् करून वाकतो. स्टिअरिंगमधली कट् आता नुसत्या हातात, टेबलावर. भावाला बोलावून ऐकवली. मग त्यानं मला ऐकवली. संध्याकाळभर आम्ही तेवढंच केलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

बूट बसवला. जुना काढताना लक्षात आलं की चीर मला वाटली त्याहून लांब, ओठाच्या पाव घेराएवढी होती. फायरवॉलची बैठक पुसून कोरडी केली. पिनियनच्या दांड्यावर गंजाचं कडं होतं, ते बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत केलं, नाहीतर नवा ओठही तसाच घासून निघेल. ओठाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. रबराला सिलिकॉन चालतं, साधं ग्रीस नको.

भाग आलाय, पण शाफ्ट आज बसवला नाही. कंबर.

बसल्या बसल्या कोन मोजला. मोबाइलच्या कोनमापकानं कॉलम आणि मधला शाफ्ट यांच्यात साधारण ३० अंश. एकटा युनिव्हर्सल जॉइंट वाकलेल्या कोनात फिरवला तर वरचा दांडा एकसारखा फिरत असूनही खालचा एकसारखा फिरत नाही. ३० अंशांवर त्याचा वेग वरच्याच्या ०.८७ पट ते १.१५ पट असा दर फेरीला दोनदा कमीजास्त होतो. म्हणूनच जॉइंट दोन असतात, आणि दुसऱ्याचे फाटे असे जुळवलेले असतात की पहिल्याचं वेडंवाकडं त्यानं सरळ करावं. मधल्या शाफ्टच्या दोन नळ्या ओढून वेगळ्या केल्या आणि चुकीच्या दातावर परत घातल्या तर हा मेळ बिघडतो आणि स्टिअरिंग एका फेरीत दोनदा हलकं, दोनदा जड लागतं. नवा शाफ्ट जसा आला तसाच ठेवला आहे. ओढून बघायचा मोह आवरला.

१ मार्च, शनिवार

शाफ्ट बसवला. वरचा जॉइंट आधी, मग नळी लांबवून खालचा पिनियनवर. पिंच बोल्ट नवे, आधी बोटांनी घातले. खाचेतून अडथळ्याविना गेले तरच जॉइंट पूर्ण खोल बसलाय असं समजायचं. मग टॉर्क पान्यानं २५ न्यूटन-मीटर. हा माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. शेवटी बोल्टच्या डोक्यापासून फाट्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढली, बोल्ट हलला तर लगेच कळावं म्हणून.

बॅटरी जोडली, एअरबॅगचा दिवा लागून विझला, स्टिअरिंगचा दिवा विझला. जागच्या जागी फिरवलं. शांत. दहा शांत, चार शांत. भावानं टाळी दिली.

रस्त्यावर काढली आणि पहिल्याच सरळ पट्ट्यात टाळी परत घ्यावी लागली. गाडी सरळ, स्टिअरिंग डावीकडे कललेलं. पांढरी टेप बाराऐवजी साडेअकराच्या जरा पुढे.

चूक माझीच. खुणा जुन्या शाफ्टवर होत्या, त्या नव्यावर उतरवताना एक दात सरकलो. पिनियनच्या दांड्यावर ३६ दात मोजले होते, म्हणजे एका दाताला १० अंश. तेवढंच कललं होतं, हिशेब चोख.

इथे दोन सोपे रस्ते दिसतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. एक, टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करणं. मग रॅकचा मध्य आणि स्टिअरिंगचा मध्य कायमचे वेगळे होतात. दोन, स्टिअरिंगच काढून एक दात सरकवून बसवणं. त्यासाठी एअरबॅगला हात लावायचा, आणि क्लॉक स्प्रिंगचा मध्य बिघडलेलाच राहणार. जिथे चूक झाली तिथेच ती निस्तरायची. अंधार पडत आला होता, गाडी आणून लावली.

२ मार्च, रविवार

पुन्हा बॅटरी, पुन्हा पंधरा मिनिटं, पुन्हा सीट बेल्ट, पुन्हा पाय दाराबाहेर. काल दोन तास लागलेलं काम आज पस्तीस मिनिटांत. खालचा जॉइंट वर सरकवला, एक दात उजवीकडे, परत खाली. नव्या जोडीचा दुसरा बोल्ट वरच्या जॉइंटला खर्ची पडला होता, म्हणून खालचा कालचाच वापरला आणि तिसरा मागवून ठेवला. आला की बदलेन.

रस्त्यावर टेप बरोबर बारावर.

९ मार्च, रविवार

आठवडाभर रोज चालवली. कट् नाही, कुंई नाही, खडबडीत रस्त्यावरची खुटखुट नाही. स्टिअरिंग वळणातून स्वतःहून जास्त मोकळेपणानं सरळ होतंय. म्हणजे तो अडकलेला जॉइंट तिथेही पाय ओढत होता, आणि मी ते गाडीचं वय समजत होतो.

शांततेत एक नवा आवाज ऐकू येतो : उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की बारीक घुंऽऽ. मोटर आणि वर्म गिअरचा. आधीही असणारच, दोन दांडगट शेजाऱ्यांपुढे त्याचं कुणाला ऐकू येत नव्हतं. दोन्ही बाजूंना सारखा, भाराबरोबर कमीजास्त होणारा. नोंद केली, सोडून दिला.

खालचा पिंच बोल्ट आला, बदलला, २५ वर आवळला, पिवळी रेघ.

२९ मार्च, शनिवार

हजारेक किलोमीटरनंतरची तपासणी. कव्हर काढलं (क्लिपचा दुसरा कानही गेला, आता कव्हर एका झिप-टायवर आहे). दोन्ही पिवळ्या रेघा सलग. बुटाचा ओठ मऊ, ग्रीस जागेवर, आतल्या बाजूला ओल नाही. दोन दिवस आधी चिखलातून गाडी गेली होती, तरी जॉइंटची टोपी स्वच्छ, विटकरी भुकटीचा कणही नाही. नखानं तपासली, टिचकी नाही.

जुना शाफ्ट भावानं नेलाय. कुणी घरी आलं की तो त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, “वाकवून बघ.”

स्टिअरिंगवरची पांढरी टेप आज काढली. खाली चिकट डाग राहिला आहे.